पाठमोरा बाक

आमच्या घरमालक काकांना भिंतीतला खिळा लांबून कळत असे. जिना चढून ते आमच्या दारात उभे राहिले, चपला काढल्या आणि कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, की हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं आम्ही गुपचूप ठोकलेला खिळा त्यांना दिसलाच म्हणून समजावं. कसा दिसायचा ते देव जाणे. "कॅलेंडर जरा सरकलंय," एवढंच म्हणायचे. तेवढ्यानं माझा नवरा कॅलेंडर सरळ करायला धावायचा.

ही त्यांची पाहणी. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आला की काका वरच्या मजल्यावर पाहणीला येत. नळ उघडून बंद करत, पुन्हा उघडत. फ्लश ओढून टाकी भरेपर्यंत कान लावून उभे राहत. ओट्याखाली वाकून वास घेत. खिडकीची प्रत्येक कडी लावून बघत. तोंडानं चकार शब्द नाही, फक्त मधूनमधून "हं" व्हायचं, आणि त्या प्रत्येक "हं"चा अर्थ लावण्यात आमचा जीव अर्धा होई. शेवटी चहा. चहाचा शेवटचा घोट घेऊन निकाल: "ठीक आहे. राहा." एवढं ऐकायला मिळावं म्हणून मी दरवर्षी आदल्या दिवशी बाथरूमच्या फरशा ब्रशनं घासत असे. माहेरी मी कधी केराला हात लावला नव्हता, हे माझी आई अजून सगळ्यांना सांगते.

जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. जेलरोडला आमच्या गल्लीत निम्मे लोक प्रेसमधून निवृत्त झालेले. प्रेस म्हणजे नोटा छापतात ती. काका तिथं तपासणीला होते. छापलेले ताव समोर येणार आणि त्यात कुठं शाई फुटलीय, कुठं रेघ हललीय ते शोधायचं. ताव चांगला छापला गेलाय हे सांगण्याचा त्यांना पगार नव्हता. काका निवृत्त झाले, त्यांचे डोळे झाले नाहीत. लग्नाला गेले तर मंगलाष्टकं चालू असताना मांडवाचा कुठला खांब कललाय ते शेजारच्याला सांगत. पानात पडलेली जिलबी उचलून उजेडात धरत आणि "हिचा एक वेढा अर्धाच आहे" म्हणत. मग खात. टाकून देण्याएवढे ते दुष्ट नव्हते.

खिळ्यावरून त्यांचं एक तत्त्व ठरलेलं होतं. ज्यानं खिळा ठोकला त्यानंच तो काढायचा आणि भोक बुजवायचं. मिस्त्री बोलवायचा नाही, पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही. माझा नवरा अंबडच्या कारखान्यात इंजिनियर. त्याला काकांनी पांढऱ्या सिमेंटची पुडी हातात देऊन स्टुलावर चढवलं होतं आणि स्वतः खाली स्टूल धरून उभे राहिले होते. भोक बुजलं, पण भोवतीची वीतभर भिंत अशी काही झाली की मागचा खिळा परवडला. काकांनी ती बघितली, "हं" म्हणाले आणि राहा म्हणाले. भिंत कशी का दिसेना, ज्याचं त्यानं केलं होतं.

काकू अगदी उलट्या. त्यांना वस्तू दिसायच्याच नाहीत, फक्त माणसं दिसायची. माहेर पिंपळगाव बसवंतचं. वडिलांचं दुकान ऐन हायवेला, त्यामुळं द्राक्षांचे टेंपो, कांद्याचे ट्रॅक्टर, एसटी, वऱ्हाडाच्या गाड्या हे सगळं बघत त्या मोठ्या झालेल्या. "आमच्याकडं लय वर्दळ," असं त्या एखादीनं आमच्याकडं लय जमीन म्हणावं तशा तोऱ्यात सांगत. लग्न होऊन आल्या त्या गल्लीच्या आतल्या घरात. दारातून समोर दिसतो तो दुसऱ्याच्या बंगल्याचा पत्रा. तरुणपणी त्या बिटको चौकात भाजीला जात, देवाला जात, कुणाच्या बारशाला जात, तेव्हा भागून जायचं. मग गुडघे गेले. काठी टेकत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, कडुनिंबाखाली जाता येई, त्यापुढं नाही. आणि कोपऱ्यावरून तर सगळा जेलरोड दिसतो. तिथं बसायला काही असतं तर काकूंची संध्याकाळ सोन्याची झाली असती.

आता बाकाकडं येते.

आमच्या खासदारांचं नाव मी सांगणार नाही, सांगायचं कारणही नाही. ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा आमच्या गल्लीत त्यांची कोपरासभा झाली. भाषण संपल्यावर "कुणाला काही सांगायचंय का" असं त्यांनी शिष्टाचार म्हणून विचारलं. असं विचारलं की लोक टाळ्या वाजवून घरी जातात अशी त्यांची समजूत असावी. काका उभे राहिले. "कोपऱ्यावर बाक पाहिजे. आमच्या घरच्यांना रस्ता बघत बसता यायला पाहिजे." लोक हसले. काकू तर पदरात तोंड लपवून घरातच पळाल्या, गुडघ्यांसकट. पण उमेदवार हसले नाहीत. "दिला, काका," म्हणाले.

बास. त्या शब्दावर काकांनी गल्ली उभी केली. दारोदार गेले. कोपऱ्यावरचे शेखचाचा, शिवणकाम करतात, त्यांना दुकान बंद करायला लावून मतदानाला नेलं. काका माणसाला सहसा पास करत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक, तेव्हा त्यांनी केलंय म्हणजे काहीतरी असणार, अशा हिशेबानं सगळ्यांनी बटण दाबलं. उमेदवार निवडून आले.

आणि बाक आलासुद्धा! ही गोष्ट विसरून चालणार नाही. त्याच वर्षी, पावसाळा लागायच्या आत, एके दुपारी टेंपोतून सिमेंटचा बाक आला. काका दुपारचे झोपले होते, आणि त्यांची दुपारची झोप मोडायची कुणाची हिंमत नसे. ठेकेदाराच्या माणसांनी खड्डे खणले, पाय रोवले, सिमेंट ओतलं आणि गेले. काका चहा घेऊन कोपऱ्यावर आले तेव्हा सिमेंट ओलं होतं, आणि बाकाची पाठ रस्त्याकडं होती.

त्याचं असं झालं होतं की बाकाच्या पाठीवर, मागच्या बाजूनं, लाल अक्षरांत खासदारांचं नाव होतं. खासदार निधीतून, वगैरे. ते नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवं, म्हणून पाठ रस्त्याकडं. मग बसणाऱ्याचं तोंड कुठं जाणार? मंगल कार्यालयाच्या मागच्या भिंतीकडं. बाक आणि भिंत यांच्यात एक गाय जेमतेम जाईल एवढं अंतर. भिंतीवर हातभर अक्षरांत जाहिरात रंगवलेली: मूळव्याध, भगंदर, फिशर, विनाऑपरेशन खात्रीशीर उपचार. आणि खाली, "लाजू नका."

काकू पहिल्या संध्याकाळी तिथं जाऊन बसल्या. समोर लाजू नका. मागं सगळा जेलरोड वाहतोय, त्याचे नुसते आवाज. त्या मान वळवून वळवून बघत राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची मान अवघडली. मी तेल चोळायला गेले तर म्हणाल्या, "आवाजावरनं कळतं गं. आत्ता गेला तो उसाचा ट्रॅक्टर होता. पण त्याच्यावर कोण बसलं हुतं ते काय कळना." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"फिरवून घेऊ या," माझा नवरा म्हणाला. "चार माणसं लागतील, एक पहार लागेल."

काकांनी चष्मा खाली घेतला. "कुणी फिरवायचा?"

"आपण."

"आपण ठोकला का तो खिळा?"

पुढची पाच वर्षं या एका प्रश्नात गेली. मी काकूंसाठी आमच्या घरातली प्लास्टिकची खुर्ची कडुनिंबाखाली नेऊन ठेवली, रस्त्याकडं तोंड करून. संध्याकाळी काका ती खुर्ची डोक्यावर घेऊन जिना चढून आले. "तुमची राहिली वाटतं खाली," म्हणाले. मी म्हटलं, अहो काकूंसाठी ठेवलीय. तर म्हणाले, "खुर्ची ठेवली की तो म्हणेल तुमची सोय झाली. बाक असताना खुर्ची ठेवायची नाही." दिल्लीत बसलेला तो माणूस आमच्या खुर्चीवर डोळा ठेवून आहे अशी त्यांची खात्री होती.

मधल्या काळात ते दर काही महिन्यांनी खासदारांच्या संपर्क कार्यालयात जात. एकदा मीच त्यांना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. तिथं एक स्वीय सहायक बसतो. त्याच्या तोंडी एकच वाक्य, "विषय घेतलाय." रस्त्याचा विषय घेतलाय, रेल्वेच्या थांब्याचा विषय घेतलाय, तुमच्या बाकाचाही घेतलाय. विषय घेऊन ते कुठं ठेवतात हे त्यानं कधी सांगितलं नाही. त्या दिवशी काकांनी खुर्ची उचलली, उलटी फिरवली आणि सहायकाकडं पाठ करून, समोरच्या कपाटाकडं तोंड करून बसले.

"काका, इकडं बघा ना," सहायक म्हणाला.

"मला असंच बसायला सांगितलंय तुम्ही," काका कपाटाला म्हणाले.

पुढचं सगळं बोलणं कपाटाशी झालं. कामं घेऊन आलेली माणसं आ वासून बघत होती. शिपायानं चहा आणला, तो काकांनी न वळता खांद्यावरून मागं हात करून घेतला आणि अर्धा सांडला. सहायकानं मला खुणेनं विचारलं, डोक्याला काही? मी खुणेनं सांगितलं, नाही, बाक. निघताना तो म्हणाला, "विषय घेतलाय, काका." परत येताना सिग्नलला काका मागून मला विचारतात, "कसं झालं?" मी म्हटलं, "चहा सांडला." "तो सोडून," म्हणाले. अगदी खूष होते.

असं करत करत पुन्हा निवडणूक आली. खासदारांना त्यांच्या पक्षानं पुन्हा उभं केलं आणि आचारसंहिता लागली. दुसऱ्याच दिवशी पालिकेची दोन माणसं खळ आणि जुने पेपर घेऊन आली आणि त्यांनी बाकाच्या पाठीवरचं नाव पेपर चिकटवून झाकलं. काका तिथंच उभे.

"नाव झाकलंत?"

"हो आजोबा. आचारसंहिता आहे."

"मग आता फिरवा. नावासाठी उलटा ठेवला होता, नाव तर गेलं."

ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांना मुद्दा पटला होता, तेच वाईट झालं. शेवटी एक जण म्हणाला, "आजोबा, आचारसंहितेत काहीच हलवता येत नाही." संध्याकाळी गाईनं खळीच्या वासानं अर्धा पेपर चाटून खाल्ला, तेव्हा खासदारांचं नुसतं आडनाव पुन्हा प्रचाराला लागलं.

आता गल्लीत मोठा पेच. मागच्या खेपेला सगळ्यांनी काकांच्या शब्दावर मत दिलेलं. जो तो येऊन विचारायचा, काका, यंदा काय? शेखचाचा तर रोज. "काका, बोल दो एकदा. परत त्यालाच द्यायचं का बदलायचं? मला दुकान बंद करावं लागतंय त्या दिवशी." काका म्हणत, "बघतो." आणि बाकावर जाऊन भिंतीकडं तोंड करून बसत. दिला तर आहे, पण उलटा दिलाय. शब्द पाळला म्हणायचं की मोडला म्हणायचं? त्यांच्या दृष्टीनं हा साधा प्रश्न नव्हताच. ज्याला आपण पुढं होऊन पास केलं, त्याला आपणच नापास करायचं, तर मग आपल्या नजरेचं काय राहिलं? जेवण कमी झालं त्यांचं. त्या वर्षी आमची पाहणीसुद्धा राहिली. करार संपला तरी ते वर आले नाहीत, आणि घासलेल्या फरशा वाया गेल्या याचं मला चक्क दुःख झालं.

मग एके सकाळी खासदार स्वतः आले. पदयात्रा. ढोल, टोप्या, गळ्यात हार, मागं पोरंटोरं. कोपऱ्यावर काका हात आडवा करून उभे.

"साहेब, एक मिनिट बसा."

"काका, अजून चार वॉर्ड राहिलेत हो."

"बाक तुमचाच आहे."

खासदार बसले. आपोआप भिंतीकडं तोंड झालं. सगळी मिरवणूक त्यांच्या पाठीमागं. ढोलवाला गोंधळून थांबला.

"काय दिसतंय?" काकांनी विचारलं.

खासदारांनी प्रामाणिकपणे वाचलं. "मूळव्याध, भगंदर, फिशर..." मागच्या एका कार्यकर्त्याला वाटलं घोषणा चाललीय. तो मूठ उंचावून ओरडला, "विजय असो!" आणि सगळ्यांनी साथ दिली.

"अरे गप!" खासदार म्हणाले. मग काकांना, "हा असा उलटा कुणी ठेवला?"

"नाव तुमचं आहे."

"काका, आईशप्पथ सांगतो, हा बाक मी आज पहिल्यांदा बघतोय. माझं नाव कुठंकुठं लावतात ते मला कुठं माहीत असतं?"

काकांना वाटलं होतं माणूस ओशाळेल, नाहीतर थापा मारेल, नाहीतर चिडेल. यातलं काहीच झालं नाही. खासदार उठलेच नाहीत. त्यांनी गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला. काकूंनी तांब्याभांडं आणलं होतं, ते भांडंभर पाणी प्याले, आणखी मागून घेतलं. म्हणाले, "मावशी, दोन मिनिटं बसू का? सकाळपासून नुसती माणसांची तोंडं बघतोय. ही भिंत बरी वाटतेय." आणि खरंच बसले, डोळे मिटून. पाठीमागं पन्नासेक माणसं आणि ढोल उन्हात उभी. मग उठले, काकांचे हात हातात घेतले. "आचारसंहिता संपू द्या. पहिलं काम हे." सहायक मागंच होता. तो म्हणाला, "विषय घेतलाय, साहेब."

मिरवणूक गेली आणि काका मटकन बाकावर बसले. मला म्हणाले, "बनेल असता तर बरं झालं असतं गं. हा तर चांगला निघाला. आता मी काय करू?"

मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काका, काकू आणि मी बाकावर बसलो होतो. तिघांचीही तोंडं अर्थातच भिंतीकडं. मागं प्रचार थंडावलेला, म्हणून रस्ताही शांत. काकांचं सगळ्यांना विचारून झालं होतं. एकच माणूस राहिलं होतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारात त्या माणसाला त्यांनी असल्या बाबतीत कधी विचारलं नव्हतं.

"तू सांग," काका भिंतीकडं बघत म्हणाले. "परत द्यावं का त्याला?"

काकूंनी जराही वेळ घेतला नाही. "त्याचं ऱ्हाऊ द्या. पण तुम्ही उभे असता ना, तर तुम्हाला नसतं दिलं मी."

"मला? मी काय केलं?"

"काय बी नाय केलं. तेच तर म्हणते मी." त्यांचा आवाज चढला नव्हता, रोजच्यासारखाच होता. "तो दिल्लीला हुता. त्याला ठावं बी नव्हतं. तुम्ही तर हितंच हुता. मी रोज ह्या भिंतीकडं तोंड करून बसते हे तुम्हाला रोज दिसत हुतं. पहार जिन्याखाली हाय. पाच वर्सं हाय."

मला उठून जावंसं वाटलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. भिंतीतला खिळा लांबून हेरणाऱ्या माणसाला बाकावर शेजारी बसलेली बायको दिसली नव्हती. मला वाटलं आता मोठं भांडण होणार, पण ते नुसते उठले आणि घरी गेले.

सकाळी उजाडायच्या सुमारास दणदण आवाजानं आम्हाला जाग आली. नवरा खिडकीतून बघून म्हणाला, "काका पहार घेऊन कोपऱ्यावर," आणि बनियनवरच पळाला. मीही गेले. शेखचाचा आले, समोरचे आले. ठेकेदारानं बाकीचं काहीही केलं असो, सिमेंट इमानानं घातलं होतं. सगळे घामाघूम. कुणीतरी म्हणालं, "काका, आचारसंहिता! गुन्हा दाखल होईल."

"होऊ दे," काका म्हणाले. "बाकानं बाजू बदलली म्हणून लिहा."

बाक फिरला. एक पाय जरा वर राहिला, त्याखाली फरशीचा तुकडा घातला. गाईच्या तोंडून उरलेला पेपर धक्क्यानं गळून पडला आणि खासदारांचं अख्खं नाव मूळव्याधीच्या जाहिरातीसमोर आलं. काकूंना आणून बसवलं. त्यांनी पदर सारखा केला, काठी बाजूला ठेवली आणि समोर बघितलं. दूधवाले, पेपरवाले, नटूनथटून मतदानाला निघालेली कुटुंबं, मतदान यंत्रं पोचवून परतलेली रिकामी बस. "अगं बया, ही त्या डेअरीवाल्याची सून ना? केवढी बारीक झाली!" असं त्यांचं सुरू झालं ते थांबेचना. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला रडू आलं. काका जरा लांब पहार टेकून उभे होते. त्यांनी बाकाचा वर राहिलेला पाय बघितला असणारच, पण "हं" केलं नाही.

ऊन चढायच्या आत आम्ही मतदानाला गेलो. शाळेत दोन रांगा, बायकांची आणि पुरुषांची. काकूंना गुडघ्यांमुळं लगेच आत सोडलं. माझंही पटकन झालं, मी बाहेर येऊन सावलीत उभी राहिले. पुरुषांच्या रांगेत गल्लीतले सगळे होते, आणि काका जिथं होते तिथंच होते. ज्येष्ठ म्हणून लोक त्यांना पुढं जायला सांगत होते, आणि ते मागच्याला म्हणत होते, "तुम्ही व्हा पुढं. मला जरा वेळ आहे."

मी जवळ गेले. "काय झालं काका? बाक तर फिरला."

"तेच झालं ना," ते म्हणाले. एवढा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी बघितला नव्हता. "तो बाक उलटा होता तोवर मला तेवढंच बघायचं होतं. आता तो सरळ झाला, आणि बघतो तर माझ्याकडं दुसरं काहीच नाही. पाच वर्षं मी बाक तपासला गं. माणूस तपासलाच नाही." मग मागच्या माणसाकडं वळून, "अहो, हे आपले खासदार तिकडं दिल्लीत काय करत होते, तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

"आमच्या कॉलनीत हायमास्ट दिवा दिला त्यांनी."

"ते नाही हो. तिकडं."

"माझ्या पुतण्याच्या लग्नाला आले होते," आणखी एक जण म्हणाला. "जेवून गेले."

"आमच्याकडं ओपन जिम."

"अहो, तिकडं, लोकसभेत! कायदे होतात तिथं. कशाला हो म्हणाले, कशाला नाही म्हणाले? तोंड उघडलं की नाही?"

रांगेतले लोक आपापली ओळखपत्रं निरखायला लागले. नोकरदार माणसं होती, शिकलेली होती, रोज पेपर वाचणारी. मीही तिथं उभी होते, आणि आत जाऊन बटण दाबून आले होते, आणि मलाही ठाऊक नव्हतं.

"काका, तुम्हीच सांगा मग," शेखचाचा म्हणाले. "आम्ही तुमच्यावरच होतो."

"मला ठाऊक नाही," काका म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही कुणी ऐकलं नव्हतं. शेखचाचांनी असं काही बघितलं, जणू मत न देताच परत जाऊन दुकान उघडावं की काय. मग ते नाइलाजानं काकांच्या पुढं सरकले, दुकान बंद ठेवून किती वेळ उभं राहणार.

एकेक जण काकांच्या पुढं जात गेला. काकू काठी टेकत, शाईचं बोट पदराला लागणार नाही असं वर धरून आल्या. "झालं का तुमचं? चला लवकर, मला कोपऱ्यावर जाऊन बसायचंय."

"अजून ठरत नाही."

"अगं बाई!" काकू म्हणाल्या. "मग पाच वर्सं काय करत हुता?"

काकांनी मागं बघितलं. पुढं सोडायला आता कुणी उरलं नव्हतं. दारातला पोलीस म्हणाला, "या आजोबा, तुमचाच नंबर." त्यांनी ओळखपत्र दाखवलं, सही केली, शाई लावून घेतली आणि ते पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेले. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. यंत्राचा आवाज काही येईना. आतला अधिकारी खुर्चीतून अर्धवट उठला. "आजोबा, दाबलं का बटण? सापडत नाही का?"

"सापडलंय," पुठ्ठ्यामागून काकांचा आवाज आला. "थांबा जरा. मी आत्ता कुठं बघायला लागलोय."